गॅलरी, जिना आणि शेजार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून निरोप आला की आठवणी भरपूर जमल्या आहेत, तू काहीतरी माहितीचं लिही. म्हणून ज्या घरांतून आपण शाळेत यायचो, त्या घरांचा थोडा इतिहास लिहिते आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, हे वर्गातल्या सगळ्यांना आणि इतिहासाच्या बाईंना तर चांगलंच ठाऊक आहे. इंजिनियरिंग केलं आणि गेली वीस-बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिण्यात गेली. पण तीन वर्षांपूर्वी आमच्या चाळीचा पुनर्विकास निघाला, नकाशे हातात आले आणि ते समजून घेण्यासाठी मागचं वाचत गेले. वाचता वाचता एकच प्रश्न मोठा होत गेला. चाळीत शेजार होता असं आपण म्हणतो, तो माणसांच्या चांगुलपणामुळे होता की भिंती, जिने आणि गल्ल्या तशा होत्या म्हणून?

आधी गल्ल्यांविषयी. आपल्या वर्गाच्या हजेरीपटावरचे पत्ते आठवा: फणसवाडी, कांदेवाडी, मुगभाट, गायवाडी, भटवाडी, झावबाची वाडी, आंग्रेवाडी, खोताची वाडी. गिरगावात या वाड्या आल्या त्या खरोखरच्या वाड्यांवरून, म्हणजे नारळी-पोफळीच्या, फणसाच्या, भाजीच्या बागांवरून. 'भाट' हाही तसाच लागवडीच्या जमिनीचा शब्द. कोटातली गर्दी वाढली तशी माणसं उत्तरेकडे सरकली आणि बागांच्या जागी घरं उभी राहिली, पण बागेत शिरायची वाट तीच राहिली. बागेला सहसा एकच तोंड असतं. वाडीलाही तसंच एक तोंड राहिलं, आत वळणं आणि शेवटी भिंत. वाडीत येणारा माणूस एकतर तिथे राहणारा असायचा नाहीतर कुणाकडे तरी आलेला. "कुणाकडे जायचंय?" हा प्रश्न आपल्याकडे चौकशीचाही होता आणि पहाऱ्याचाही.

अमेरिकेत डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या प्राध्यापकाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन शेजारशेजारच्या रस्त्यांचा अभ्यास केला होता. तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. घरं साधारण सारखी होती, फरक होता तो रहदारीचा. एका रस्त्यावरून दिवसाला दोन हजार गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून आठ हजार, तिसऱ्यावरून सोळा हजार. शांत रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, गजबजलेल्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नव्हता, ०.९. आपल्या वाडीतून दिवसाला किती वाहनं जायची? बर्फवाल्याची हातगाडी धरली तरी बोटांवर मोजण्याइतकी. अंडरआर्म क्रिकेटसाठी त्याहून चांगली खेळपट्टी कुठे मिळणार?

आता चाळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या, गोदी, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांमुळे मुंबईत माणसांचा लोंढा आला आणि खोल्या भाड्याने देणं हा चांगला धंदा झाला. जमीन महाग, म्हणून मजले चढवायचे. जिना जागा खातो आणि त्याचं भाडं येत नाही, म्हणून जिने कमीत कमी ठेवायचे. एका जिन्यावर दहा-बारा खोल्या लावायच्या तर जिन्यापासून शेवटच्या खोलीपर्यंत जायला वाट हवी. ही वाट इमारतीच्या आत घेतली तर तीही जागा खाते आणि अंधारी होते. ती बाहेरच्या बाजूला लाकडी खांबांवर टांगली की स्वस्तात काम होतं, शिवाय खोल्यांना पावसापासून आडोसा आणि उन्हात सावली मिळते. झाली गॅलरी! संडास गॅलरीच्या टोकाला एकत्र, कारण सफाईला सोपे आणि नळही कमी लागतो. खोली म्हणजे बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात मोरी.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी जरा खट्टू झाले होते. आपण ज्या गॅलरीवर एवढं प्रेम केलं, ती कुणी शेजार वाढावा म्हणून बांधली नव्हती. घरमालकाने जिन्याचा खर्च वाचवला, एवढंच. पण त्या वाचवलेल्या जिन्याचा परिणाम असा झाला की शेवटच्या खोलीतल्या माणसाला दिवसातून सात-आठ वेळा बाकीच्या सगळ्यांच्या उघड्या दारांवरून जावं लागायचं. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाचा मुलगा तोंड पाडून बसलाय, कुणाच्या आजींनी आज दार उघडलेलं नाही, हे विचारावं लागत नसे. दिसायचंच.

इथे आणखी एका अमेरिकन अभ्यासाचा उल्लेख करायलाच हवा, कारण तो वाचताना मला आमचाच दुसरा मजला दिसत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर बोस्टनजवळच्या एमआयटीने लढाईवरून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांना राहायला 'वेस्टगेट वेस्ट' नावाच्या दुमजली इमारती दिल्या. एकूण सतरा इमारती आणि प्रत्येकीत खाली पाच, वर पाच अशी दहा घरं. लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांना विचारलं की तुमचं कुणाकडे जाणं-येणं आहे. निष्कर्ष १९५० साली पुस्तकरूपाने आले. एकाच मजल्यावर लगतच्या दाराची निवड ४१ टक्के वेळा झाली होती, एक दार सोडून पलीकडच्याची २२ टक्के आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या घराची अवघी १०. हे सगळे सारख्या वयाचे, सारख्या परिस्थितीतले लोक होते. अंतर म्हणाल तर काही पावलांचं. शिवाय जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख होती, कारण वरची माणसं त्यांच्या दारावरूनच ये-जा करत. आमच्या जिन्यालगतच्या खोलीतल्या काकूंना अख्ख्या चाळीची खबर असायची, त्यामागचं कारण असं छापील स्वरूपात मिळेल असं वाटलं नव्हतं. आम्ही उगाच त्यांना भोचक म्हणायचो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या काही महिन्यांत निम्मं शहर गाव सोडून पळालं, आणि सरकारला प्रथमच कळून चुकलं की खोल्यांतला अंधार आणि कोंदटपणा हा साऱ्या शहराचा प्रश्न आहे. १८९८ साली कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून ट्रस्टने पश्चिमेकडून पूर्वेकडे रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातलेच, म्हणजे आजचे शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. ज्यांची घरं त्यासाठी पडली, त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला नवं घर आलं नाही, ते शेजारच्याच गर्दीत आणखी दाटीने राहिले.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांना उजेडाचा ध्यास होता. त्यांनी 'साडेत्रेसष्ट अंशांचा नियम' लावून धरला. खोलीच्या खिडकीच्या तळापासून जमिनीशी ६३.५ अंशांचा कोन करून वर रेघ काढली, तर ती समोरच्या इमारतीला न अडता आकाशाला भिडली पाहिजे. हा विचित्र आकडा कुठून आला? ६३.५ अंशांची टॅन्जंट जवळजवळ बरोबर २ येते. म्हणजे समोरची इमारत पंचेचाळीस फूट उंच असेल तर मध्ये किमान साडेबावीस फूट मोकळी जागा सोडायची. नववीत त्रिकोणमिती शिकवताना हे उदाहरण मिळालं असतं तर आपल्या गणिताच्या सरांचा घसा थोडा कमी बसला असता. त्या नियमाने उजेड आणला आणि सोबत न मागता आणखी एक गोष्ट आणली, दोन इमारतींमधली मोकळी पट्टी. ती कुणाच्याच मालकीची नसल्यासारखी असायची, म्हणून सगळ्यांची.

अशा जागेचं मोल किती, ते गिरगावाला आधीच माहीत होतं. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती मानला जातो तो आपल्या इथल्या केशवजी नाईक चाळीचा, १८९३ चा. घरातला गणपती घरात मावतो. सार्वजनिक गणपतीला घरही चालत नाही आणि भर रस्ताही चालत नाही, मधली जागा लागते. चाळीचा चौक तशीच जागा होती. खाली मांडव आणि वर तीन बाजूंनी गॅलऱ्या, म्हणजे प्रेक्षकांसाठी बाल्कनीसकट नाट्यगृहच. मेळे आणि व्याख्यानं चौकात झाली आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभाही झाल्या. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी महागाईविरुद्ध महिलांची संयुक्त समिती उभी केली आणि थाळ्या-लाटण्यांचे मोर्चे निघाले. माझी आजी त्यातल्या एका मोर्चात गेली होती. तिला बोलावणं कुणी धाडलं नव्हतं. खालच्या मजल्यावर थाळी वाजली, गॅलरीत डोकं काढलं आणि चपला घातल्या, एवढंच ती सांगायची.

पण कौतुक इथे थांबवते. ज्यांनी चाळ भोगली त्यांना अति गोडवे खपत नाहीत, आणि बायकांना तर मुळीच नाही. पहाटे चारला पाणी यायचं तेव्हा उठून पिंपं कोण भरायचं? संडासाबाहेर डबा घेऊन उभं राहण्यातली लाज, नव्याने लग्न झालेल्यांची कुचंबणा, मुलगी उशिरा आली की दहा दारांतून मोजले जाणारे तिचे मिनिटं-तास, हे सगळं त्याच उघड्या दारांतून यायचं. गॅलरी सांभाळायची तशीच नजरही ठेवायची. आणि दार उघडं असलं तरी ते सगळ्यांसाठी उघडं नव्हतं. कितीतरी वाड्यांत खोली देताना आधी आडनाव विचारलं जाई. गावदेवीला १९१५ साली सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, ती देशातली अगदी पहिल्या काहींपैकी. एकमेकांच्या आधाराने घर उभं करण्याची मोठीच गोष्ट ती, पण 'एकमेकांच्या' या शब्दात कोण बसतं ते जातीने ठरलेलं. त्याच काळात, १९१२ ते १९३४, डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन ते परतले तेही त्या चाळीतच. आपला शेजार म्हणून आपण जे मिरवतो, ते कुणाला बाहेर ठेवून जमलं होतं, हे विचारल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

सरकारने स्वतः मोठ्या प्रमाणावर चाळी बांधल्या त्या १९२० नंतर, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढून. म्हणून 'बीडीडी'. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता, झाल्या त्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आपल्या वर्गातले नायगावहून येणारे दोघे आठवतात ना? त्यांच्या चाळीत गेल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं होतं की तिथे गॅलरी नाही. मध्ये बोगद्यासारखा लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. सुरुवातीला या सिमेंटच्या खोल्या घ्यायला लोक तयार नव्हते, बऱ्याच रिकाम्या पडल्या होत्या. १९३० च्या कायदेभंगाच्या वेळी वरळीतल्या काही चाळींचा सरकारने चक्क तुरुंग केला. इमारतीचा आराखडा काय सुचवतो ते यावरून कळावं! तरीही पुढे याच बीडीडीतून कामगार चळवळ, आंबेडकरी चळवळ, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ उभे राहिले. बोळ अंधारा होता, पण इमारतींमध्ये सोडलेली जागा भरपूर होती आणि वरळीला जांबोरी मैदान होतं. आत जे मिळालं नाही ते माणसांनी बाहेर मिळवलं. त्यामुळे गॅलरी म्हणजेच शेजार, असं मी म्हणणार नाही.

दादर-माटुंग्याची गोष्टही थोडी तशीच. ट्रस्टने आखलेल्या त्या भागात विसाव्या-तिसाव्या दशकांत ब्लॉकची घरं आली, म्हणजे संडास घराच्या आत आणि दार बंद. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांत संडास स्वयंपाकघराला चिकटून कसा चालेल, यावर तेव्हा बरीच खळखळ झाली. पण चालला. जिन्यावर दोन-तीनच दारं उरली आणि जाण्या-येण्याची वाट कुणाच्या दारावरून जाईनाशी झाली. तिथला शेजार मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गेला. मैदान चालत जाण्याच्या अंतरावर होतं म्हणून निभावलं.

एक गोष्ट मात्र वास्तुरचनेत कुठेच सापडत नाही, आणि माझ्या मते तिचा वाटा भिंतींइतकाच आहे. ती म्हणजे भाडे नियंत्रण कायदा. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य केलं. मी कॉलेजात असताना आमच्या खोलीचं महिन्याचं भाडं माझ्या लोकलच्या पासापेक्षा कमी होतं. इतक्या स्वस्तात कोण हलणार? तीन-तीन पिढ्या त्याच दारांना लागून राहिल्या. वेस्टगेटमध्ये काही महिन्यांत दोस्त्या जमल्या होत्या, इथे तर पन्नास वर्षं मिळाली. पण त्याच कायद्याने घरमालकाचा दुरुस्तीतला रस संपवला. लाकडी खांब वाळवीने पोखरले, गॅलऱ्यांना टेकू लागले. १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, ते पुढे म्हाडात गेलं. ज्या कायद्याने शेजार जपला त्यानेच त्याच्याखालची फळी कुजवली. यात कुणाला दोष द्यावा हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. नंतर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३ (७) कलमाने जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या जागी टॉवर बांधणं बिल्डरला परवडेल अशी सोय झाली. बाकीचं आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे.

आता आमच्या चाळीचं. बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला. खाली पार्किंगचे मजले, त्यावर घरं, प्रत्येक मजल्यावर लिफ्टभोवती सहा दारं. आईला तिचं घर दाखवलं. घरातला संडास आणि चोवीस तास पाणी बघून ती खरोखर खूश झाली. तिच्या गुडघ्यांना लिफ्ट हवीच आहे. मग तिने विचारलं, "दार उघडलं की समोर कोण दिसणार?" त्याने नकाशा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "लिफ्ट, मावशी."

बाबांना रात्री दोन वाजता अ‍ॅटॅक आला होता, तेव्हा आईने फक्त दार उघडून हाक मारली होती. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून लाकडी जिन्यावरून उतरवलं. त्यामुळे बाबा पुढे अकरा वर्षं जगले. मी आज ठाण्याला ज्या टॉवरमध्ये राहते, तिथे समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ गेल्याचं मला दोन दिवसांनी लिफ्टमधल्या नोटिशीवरून कळलं. माणसं वाईट नाहीत हो. आमच्या वाटा एकमेकांच्या दारावरून जातच नाहीत.

म्हणून मी दोन मागण्या केल्या. पहिली, लिफ्टसमोरची जागा थोडी रुंद करा आणि बोळाच्या टोकाला भिंतीऐवजी उघडी जाळी व बसायला कट्टा द्या. एफएसआयचं गणित सांगून त्यांनी अर्धं नाकारलं आणि अर्धं मान्य केलं. कट्टा मिळेल, रुंदी नाही. दुसरी मागणी बिल्डरकडे नव्हती, आपल्याच लोकांकडे होती. नवी घरं सोडतीने वाटायची असं ठरत होतं. सोडत न्याय्य असते, कुणाला वरचा मजला, कुणाला उजेडाची बाजू, कुणी तक्रार करू शकत नाही. पण सोडतीने साठ-सत्तर वर्षांचे शेजारी वीस मजल्यांवर विखुरले जातील, आणि वेस्टगेटचे ते आकडे पाहिल्यापासून मला त्याची धास्ती वाटते. मी सुचवलं की सोडत कुटुंबांची न काढता शेजाऱ्यांच्या गटांची काढू. ज्यांना एकत्र राहायचं त्यांनी सहा-सहाचे गट करावेत आणि मजला चिठ्ठीने ठरावा. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला आहे. विरोध आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे. ज्यांचं गॅलरीत कधीच कुणाशी जमलं नाही, ज्यांना कुणी गटात घेणार नाही, त्यांचं काय? एक वहिनी सभेत स्पष्ट म्हणाल्या, "मला याच लोकांपासून सुटायचंय." त्यांच्यासाठी गटाबाहेरची वेगळी सोडत ठेवली आहे. मतदान दिवाळीनंतर आहे.

तोपर्यंत चाळ उभी आहे, तेव्हा मी टेप घेऊन ती मोजते आहे. गॅलरीची रुंदी, जिन्याच्या पायऱ्या, दारापासून दारापर्यंतचं अंतर, आणि प्रत्येक दारामागे कोणत्या साली कोण राहत होतं ते. आसपासच्या वाड्यांचंही जमेल तेवढं करायचं आहे. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुन्या भाडेपावत्या, गॅलरीत काढलेले फोटो किंवा घराचा हाताने काढलेला नकाशा असेल, त्यांनी मेळाव्याला येताना तो जरूर आणावा. मी फोटो काढून लगेच परत देईन. आणि आमच्या चाळीत खेळायला यायचात त्यांना एक विचारायचं आहे. दुसऱ्या मजल्यावर संडासाच्या अलीकडच्या दोन खोल्यांपैकी एकीत शिलाई मशीन चालायचं. तिथे राहणाऱ्या बाईंना आम्ही सगळे नुसतं 'मावशी' म्हणायचो. त्यांचं आडनाव आईला आठवत नाही आणि मलाही नाही. कुणाला आठवतंय का?